सातला वाढवणे

३ नोव्हेंबर २०२२, गुरुवार

पोचलो एकदाचे जबलपूरला. गाडी वेळेवर, आई खुशीत, आणि स्टेशनाबाहेर गरम पोहे-जलेबी. आईने माझ्या वाटणीची जलेबीही खाल्ली आणि वर मलाच विचारलं की तुम्ही का खात नाही.

ही वही कुंदाने दिली आहे, आईच्या औषधांसाठी. सकाळी कोणती गोळी, रात्री कोणती, किती जेवली, किती झोपली, सगळं लिहा, परत आल्यावर डॉक्टरांना दाखवायचं आहे, असा बायकोचा हुकूम. पण हातात पेन आलं की मला राहवत नाही. तेव्हा गोळ्या समासात, आणि मधल्या जागेत मी.

मी अंबादास मेश्राम, मुक्काम भंडारा, वय एकोणपन्नास, धंदा टीव्ही दुरुस्तीचा. भिंतीला चिकटणारे पातळ टीव्ही आले आणि आमचं काम संपलं. त्यांच्या पोटात दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. चार वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. मात्र आता लोकांना जुन्या लाकडी सेटांचा उमाळा आला आहे. हॉटेलवाले मागतात, सिनेमावाले मागतात, आणि उभ्या विदर्भात ते जिवंत करणारे आम्ही दोघे-तिघेच उरलोत. त्यातला मी जरा जास्त बोलणारा.

इथलं काम विनताताई सबनिसांचं. कॉलेजात शिकवतात. त्यांच्या वडिलांचं, भय्यासाहेबांचं, टीव्हीचं दुकान होतं. ते वारले, ताईंची आई त्यांच्या आधीच गेली. राइट टाउनमधल्या या घराच्या खालच्या मजल्यावर अकरा जुने सेट पडून आहेत. ताईंना इथे कॉफीचं दुकान काढायचं आहे आणि भिंतीशी चालू स्थितीतले जुने टीव्ही मांडायचे आहेत. त्या स्वतः इथल्याच गोरखपूर भागात राहतात. मागची खोली आणि स्वयंपाकघर आम्हाला दिलं आहे. खोलीत ऊन छान येतं.

कुंदा नर्स आहे, तिच्या ड्यूट्या. लेक इंदू बारावीला, तिचं डोकं पुस्तकात. आईकडे बघायला घरी कोण? म्हणून ती माझ्याबरोबर. चार वर्षांत आई आधी चष्मा विसरली, मग रस्ता, मग माणसं. एका जागी बसत नाही, दिवसभर येरझाऱ्या. मला ती मास्तर म्हणते. आज गाडीत तीनदा विचारलं, "मास्तर, माहा अंबू आला काय शाळेतून?" तिन्ही वेळा मी म्हटलं, येतोच आहे. अंबू म्हणजे मीच.

५ नोव्हेंबर, शनिवार

अकराच्या अकरा सेट उघडून पाहिले. उंदरांनी दोन घरं वसवली होती, एका सेटात पोपटाचं पीस निघालं. सात सेट जगतील असा अंदाज आहे.

डॉक्टरसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. जुन्या सेटला नवा पार्ट मानवत नाही. त्याच्याच वयाचा, त्याच्याच चालीचा लागतो, आणि तो आता बाजारात नाही. मग दोन-तीन सेट बाजूला काढायचे आणि त्यांचे पार्ट बाकीच्यांत घालायचे. मी त्यांना देणारे आणि घेणारे म्हणतो. देणारा सेट एकदा उघडला की परत उभा राहत नाही. पूर्वी वाईट वाटायचं.

या सगळ्यांत एक सेट मात्र राजा आहे. चार पाय, सागवानी पेटी, पुढे सरकती लाकडी दारं. मागचं झाकण गायब आहे, ते चालतं, पाठ भिंतीला लावली की झालं. पण त्याचा एलओटीही गायब आहे. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवतो तो हा ट्रान्सफॉर्मर, तो नसला तर पडदा काळाच. गंमत म्हणजे तो काढून स्क्रू पुन्हा जागच्या जागी बसवलेले आहेत. चोर काही स्क्रू परत लावत नाही.

पेटीच्या आत कागद चिकटवला आहे, भय्यासाहेबांच्या अक्षरात: "रोज साडेसहाला लावणे. सातला वाढवणे. चूक होऊ नये." म्हातारा कामाचा माणूस होता म्हणायचा. जुना सेट एकदम पूर्ण व्होल्टेजवर टाकला की आतले कंडेन्सर फटाक्यासारखे फुटतात. आधी कमी द्यायचं, मग चकती फिरवून हळूहळू वाढवायचं. मीही तसंच करतो. तो चकतीचा डबा मी सोबत आणलाच आहे.

७ नोव्हेंबर, सोमवार

आईने पोळी खाल्ली नाही, वरणभात खाल्ला. येरझाऱ्या चालू.

दिवसभर सोल्डरिंगचा वास. या वासाने मला एक दिवस आठवतो, तो इथे लिहून टाकतो, कुठेतरी असू दे. दुकान बंद केलं त्या संध्याकाळी मी शेवटचं शटर ओढलं आणि घरी न जाता मागच्या गल्लीत गेलो. तिथे नळाशेजारी बसून पोट भरून रडलो. नळ चालू ठेवला होता, आवाज जाऊ नये म्हणून. एक बकरी माझ्या पिशवीतली वायर चघळत होती आणि मी तिला हाकललंही नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कुंदालासुद्धा नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार

एलओटी मिळाला. विनताताईंनी पत्ता दिला होता, गोरखपूर बाजारामागे गणपतराव म्हणून भय्यासाहेबांचे जुने मेकॅनिक राहतात. सत्तरीचे असतील, हात अजून स्थिर. मी सेटचं नाव काढताच उठले. मग पलंगाखालून बिस्किटाचा डबा काढला. त्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला तोच एलओटी.

भय्यासाहेबांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनी तो गणपतरावांकडून सेटातून काढवला आणि तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदेत टाकून या, असं सांगितलं होतं. गणपतराव पुलावर गेले आणि तसेच परत आले. का, विचारलं तर म्हणाले, "चालू एलओटी कोणी फेकते काय, भैया?" खरं आहे. आमच्यातला कोणीच फेकणार नाही.

द्यायला मात्र का कू करत होते. दुसऱ्या सेटात लावा म्हणाले. निघताना विचारलं, बरोबर कोण आहे? आई आहे म्हटल्यावर म्हणाले, म्हातारीला त्याच्यासमोर जास्त बसू देऊ नका. डोळ्यांची काळजी असेल. जुन्या माणसांना टीव्हीने डोळे जातात असंच वाटतं.

९ नोव्हेंबर, बुधवार

राजा उठला! साडेसहाला लावला, दीडशे व्होल्टवर. आधी घुं असा आवाज, मग पडद्याच्या मधोमध चांदणीएवढा ठिपका, मग करडा उजेड. सातच्या ठोक्याला कागदात लिहिल्याप्रमाणे वाढवलं. एकशे साठ. पडदाभर मुंग्या. हल्ली हवेतून काही येतच नाही, तेव्हा मुंग्याच येणार. पण काय देखण्या मुंग्या.

आणि आई बसली. चार वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःहून खुर्ची ओढून बसली आणि उठली नाही. झोपेपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत, सेट चालू ठेवला.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

एकशे ऐंशी. कागद पाळतो आहे, रोज सातला दहा व्होल्ट जास्त.

आई आज स्वतः जेवली. मग सेटकडे बघत म्हणाली की शेजारची पार्वताबाई बिड्या वळताना गाणं म्हणायची. खरंच म्हणायची, मी लहान असताना. मुंग्यांत तिला काय दिसतं कोण जाणे. मी शेजारी बसून पाहिलं, मला मुंग्याच दिसल्या.

टोकदार पक्कड कुठे ठेवली ते सापडेना. तासभर शोधली, खिशात निघाली. म्हातारा होत चाललो.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज समासातल्या गोळ्या लिहायच्याच राहिल्या. आनंदाने.

काल तिने नागपूरचा दीक्षेचा दिवस सांगितला. आठ वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर, सगळीकडे पांढरी लुगडी, आणि तिची एक चप्पल हरवली होती. इतकं सगळं तिने मला चांगली असतानाही सांगितलं नव्हतं. आणि आज सात वाजता, दोनशेवर नेल्यावर, तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग म्हणाली, "अंबू, केस किती पिकले रे तुहे."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती थोपटत राहिली. कुंदाला फोन केला, तीही रडली. डॉक्टरांना काय सांगायचं ते सांगा, माझी आई मला परत मिळाली आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

इंदूचा फोन. आजीशी अर्धा तास बोलली. मग माझ्याशी. मी विचारलं, कितवीला आहेस तू आता? गंमत करतो आहे असं वाटून ती हसली, मग हसायची थांबली. मला खरंच आठवत नव्हतं. पहिल्या पानावर पाहिलं, बारावी लिहिलं आहे.

झोप नीट नाही. सेट बंद केला तरी घुं आवाज कानात राहतो. दिवसा कामाला बसवत नाही, खोलीभर फिरतो. आई म्हणते, काहून असा फिरून राहिला, बस की. हे मी तिला म्हणायचो.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

दोनशे तीस, पूर्ण व्होल्टेज. आता वाढवायला जागा नाही. म्हणून वेळ वाढवली, दुपारपासूनच लावतो.

आईने आज भाजी चिरली, चहा केला, साखर किती तेही बरोबर. मी तीन सेट उघडून बसलो आणि कोणता देणारा, कोणता घेणारा ते ठरवता येईना. रेझिस्टरच्या पट्ट्यांवरचे रंगाचे कोड, तांबडा-जांभळा-तपकिरी, वीस वर्षांचं पाठ, डोक्यातून पुसलेले. इंटरनेटवर शोधले आणि भिंतीवर लिहून ठेवले. लाज वाटली.

भीतीही वाटली. आईचा आजार रक्तातून येतो म्हणतात. मला आत्ताच लागला असेल तर इंदूचं कसं व्हायचं?

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज गोरखपूरला गेलो. विनताताईंनी पत्ता दिला होता, बाजारामागे गणपतराव म्हणून भय्यासाहेबांचे जुने मेकॅनिक राहतात. सत्तरीचे असतील, हात स्थिर. मी नमस्कार करून माझं नाव सांगितलं आणि राजाच्या एलओटीबद्दल विचारलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मला हाताला धरून बसवलं. विचारलं, रोज किती वेळ लावता? मी सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

म्हणाले, सत्यभामाबाईंचंही असंच होतं, त्या सगळं विसरल्या होत्या. त्या सेटसमोर बसू लागल्या आणि एकेक आठवायला लागलं. आणि इकडे भय्यासाहेबांना दुकानातला माल ओळखू येईना. तरी रोज अर्धा तास, जास्त नाही, अशी अकरा वर्षं काढली. शेवटी बाईंनीच ओळखलं की आपल्याला कुठून येतं आहे. तेव्हा एलओटी काढवला.

"मी फेकाले पाहिजे होता," ते म्हणाले. "नाही फेकला गेला माह्या हातानं."

घरी आलो. वहीत ८ तारखेचं पान वाचलं. मी तिथे आधी गेलो होतो.

२० नोव्हेंबर, रविवार

शांत डोक्याने लिहायचं आहे.

दुपारी आई सेटसमोर बसून डोळे पुसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, दुकान बंद केलं त्या दिवशी तू गल्लीत बसून किती रडला रे. नळ चालू ठेवला होता. बकरी वायर खाऊन राहिली होती. मला सांगायचं होतं न.

मी म्हटलं, असं काही झालंच नव्हतं. खरोखर वाटलं की ती काहीतरी रचून सांगते आहे. मग वही चाळली. ७ तारीख. माझ्याच अक्षरात नळ, गल्ली, बकरी. कुणाला सांगितलेलं नाही, असंही लिहिलं आहे. आईला वही वाचून दाखवलेली नाही.

तीनदा वाचलं. दुसऱ्या कुणाचं तरी वाचल्यासारखं वाटलं. आत काहीही हललं नाही.

म्हणजे तिला तिचं परत मिळत नाही आहे. निदान सगळं नाही. जिथे तिचा पार्ट गेलेला आहे तिथे माझा बसतो आहे. त्याच रक्ताचा, त्याच चालीचा. देणारा सेट मी आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार

विनताताई स्कूटरवरून आल्या. मला कसं तरी होतंय हे त्यांच्या लक्षात आलं, मी सर्दी म्हटलं. तो कागद दाखवून विचारलं, भय्यासाहेब सातला कितीपर्यंत वाढवत असत? दोनशे? दोनशे तीस?

त्या हसल्या. "अहो अंबादासजी, वाढवणे म्हणजे बंद करणे. आमच्या घरी दिवा विझव, टीव्ही बंद कर असं कोणी म्हणत नसे, अशुभ मानायचे. सात वाजले की बाबा म्हणायचे, चला, वाढवा आता."

दुकान वाढवणे. बांगडी वाढवणे. हे तर मलाही ठाऊक आहे. जन्मभर ऐकलेला शब्द. पण हातात व्होल्टेजची चकती असलेल्या माणसाने तो वाचला. साडेसहाला लावायचं आणि सातला बंद करायचं, अर्धाच तास, म्हणजे देणाऱ्याचं थोडंच जातं. मी रोज सातला त्याचं तोंड आणखी मोठं उघडत गेलो.

त्यांनी आणखी एक सांगितलं, सहज. त्यांच्या आईंनी तो पार्ट काढवला आणि आठ दिवसांत त्या पुन्हा कुणालाच ओळखेनाशा झाल्या. बाबांना मात्र त्यांचं गेलेलं परत आलं नाही. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत शेवटपर्यंत बसून असायची, पाहुण्यांसारखी. ताई परीक्षेच्या कामाला आठ दिवस भोपाळला चालल्या आहेत.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रभर फिरलो. हिशोब सोपा आहे. बंद केला तर माझं गेलेलं परत येत नाही, आणि आई आठ दिवसांत पुन्हा मास्तर म्हणेल. अंबू शाळेतून आला काय विचारेल. मी ते पुन्हा ऐकू शकत नाही. चार वर्षं ऐकलं. बंद करणार नाही.

पण मी दुबळा आहे. घाबरून कधीतरी बंद करून टाकीन, किंवा कशासाठी चालू आहे ते विसरून. म्हणून आज सकाळी हाताला येत होतं तोवर स्विच काढून टाकला. प्लगही काढला. बोर्डातून तार लवचीक लोखंडी नळीतून थेट आत नेली आणि एलओटीच्या बाजूला, खोल, कुणाचा हात सहज जाणार नाही अशा जागी जोडली. मेन स्विच वरच्या मजल्यावर, त्याला ताईंचं कुलूप. आता राजा रात्रंदिवस चालू.

आईने विचारलं, काय करून राहिला? मी म्हटलं, तुझ्यासाठीच.

२३ नोव्हेंबर

आईला कळलं आहे. ती सेटकडे पाठ करून बसते. पण पाठ केली तरी येतंच. आज तिने मला इंदूच्या जन्माची रात्र सांगितली, दवाखान्याच्या जिन्यावर मी एकटा होतो तेव्हाची. सांगता सांगता थांबली आणि तोंडावर पदर धरला. म्हणाली, बंद कर. मी नाही म्हटलं. ती पाया पडली माझ्या. आई पाया पडली.

इंदू कोण ते मागच्या पानांवर आहे.

२४

एका बाईचा फोन. रडत होती. अहो म्हणत होती. तुम्ही आईंना घेऊन या, नाहीतर मी येते. नाव कुंदा. आवाज चांगला आहे. मी म्हटलं, या ना, चहा घेऊन जा. ती आणखी रडली. म्हातारीने फोन घेतला, खूप वेळ बोलली. परवाच्या गाडीने येणार म्हणे ती.

समासात गोळ्या लिहायच्या असतात. कुणाच्या?

२५

घुं — खोलीत आहे की माझ्यात —

भिंतीवर रंग लिहिले आहेत. तांबडा. जांभळा. सुंदर दिसतात. कशाचे —

म्हातारी खिळ्याने बोर्डाचा स्क्रू फिरवत होती दिवसभर. फिरला नाही. माणूस हुशार असणार, ज्याने बसवला. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्याकडे मागते. दाराशी जाऊन हाका मारल्या तिने. रस्त्यावर लग्नाची वरात, बँड, कोणी —

फोन काळा पडला. ती मला दाखवते, कसा लावायचा विचारते. मला काय —

उठलो, बसलो, उठलो. बसवत नाही.

(तारीख माहीत नाही)

उजेड आहे. घास तोंडात राहतो. ती गळ्यावरून हात फिरवते, मग जातो खाली.

श्वास मधेच थांबतो. तो घ्यायचा असतो. ती पाठीवर थाप मारते. मग घेतो.

एका मुलाचं सांगते. शाळेतून येताना चिंचा आणायचा, वायरी जमवायचा. बरा मुलगा. त्याचं काय झालं, विचारायचं होतं. तोंडाला शब्द येत नाहीत. हाताला येतात थोडे.

ती म्हणाली, कुंदा सकाळी येईन, तवरिक तू राहात नाही. पदर खोचला. सेटला खांदा लावला. सरकला थोडा. भिंतीपासून हातभर.

मागे उघडं आहे. झाकण नाही.

तिथे हात — नको. तिथे असतं ते. काय म्हणतात — जाड तार ट्यूबला जाते, तांबडी, तिच्यात — सेट मेला तरी त्यात राहतं — माणूस चिकटतो, माणूस —

सांगायला हवं. तोंड उघडतं, घुं येतं.

लिहिलं. पानभर. हात नको. तिच्यासमोर धरलं.

तिने पानावरून बोटं फिरवली. मग माझ्या तोंडावरून. म्हणाली, "मले कुठं वाचता येते, बापा. तू बस."

पुन्हा लिहिलं

हात नको

हात नको हात

ती आडवी झाली, सेटच्या मागे. फक्त पाय दिसतात. टाचा भेगाळलेल्या. म्हणते, सापडली तार, हीच असन, तांबडी —

आई ती नको ती